लाल दोऱ्याच्या निवट्या

बाळकुम, ठाणे
१३ नोव्हेंबर १९८८

चित्रा,

हे पत्र तुझ्या आईचं आहे, हात माझा. तू पाकिटावर 'सौ. शेवंती भिवाजी कोळी' असं लिहितेस. आईला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि घरात वाचणारा दुसरा कोण आहे हेही ठाऊक आहे. असो. वाचून दाखवलं. आता ती सांगते तसं लिहितो. मधे मला काही म्हणायचं झालं तर कंसात म्हणेन, म्हणजे कोणाचं काय ते वेगळं राहील.

आई म्हणते: पोरी, बरी हायेस ना गो? गोव्याचा भात जाडा, तुला सोसतो का? सुकट संपली असंल तर कळव, कोन येनार असंल त्याच्या हाती धाडते. तुझ्या खोलीतली पोरगी वास येतो म्हनते, तर तिला सांग, नाक तुझं हाय, डबा आमचा हाय.

(घट्ट झाकणाचा डबा द्यावा, हे मी तेव्हाच म्हटलं होतं.)

आई म्हणते: तू खाडीतल्या निवट्या मोजायचं लिवलंस ते मना नाय कळलं. निवटी म्हंजे मासळी, धरायची आनि खायची. मोजायची कनाला? पन तुझ्या परीक्षेला पायजेल तर मोजू. मी, शांताबाई, ठमाबाई, आमी ओहोटीला जातोच चिखलात.

(मला कळलं. जुन्या मिठागराच्या बांधामागची पट्टी घ्यायची. तिथल्या काही निवट्या धरायच्या, त्यांना खूण करायची, सोडून द्यायच्या. त्या बाकीच्यांत मिसळल्या की पुन्हा धरायच्या आणि त्यात खुणेच्या किती निघतात ते पाहायचं. त्या प्रमाणावरून पट्टीत एकूण किती, ते काढायचं. आईला ताटात करून दाखवलं. तांदळात मूठभर काळे उडीद मिसळले आणि म्हटलं, न बघता एक वाटी काढ. तिने वाटी काढली आणि सवयीने त्यातले उडीद वेचून बाजूला ठेवले. पण तत्त्व तिला कळलं.)

आई म्हणते: आनि तू जाताना तुझा बाप जे बोलला, निवट्याच मोजायच्या व्हत्या तर आईच्या टोपलीत बसायचं, गोव्याला कनाला जायाचं, ते मनात ठेवू नको.

(वरचं वाक्य आईचं आहे. तिने सांगितलं म्हणून लिहिलं. मी डॉक्टर हो म्हणालो होतो, आणि तुला तेवढे मार्क होते म्हणून म्हणालो होतो. दीड वर्षात तू त्यावर एक अक्षर लिहिलेलं नाहीस. तेही असो.)

(मोजणी मी करतो. बायकांवर सोडलीस तर आकडा कालवणात जाईल.)

आईचा आशीर्वाद आहे. कंसातलाही आहे.

लेखनिक,
भिवाजी


४ डिसेंबर १९८८

चित्रा,

आईच्या नावाचं तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. त्यात लिहिलं आहेस, "बाबांना सांग, शेपटीच्या पराचा कोपरा बारीक कात्रीने जरासा कापायचा. सहज नजरेत येणार नाही इतकाच." त्याप्रमाणे आईने मला सांगितलं. म्हणजे मी वाचलं, तिने ऐकलं, आणि मग तिने ते मला सांगितलं. एवढ्या वळशाची गरज आहे का, ते तू ठरव.

हे पत्र मात्र माझं आहे, कारण आता विषय कामाचा आहे.

कोपरा कापण्याची पद्धत मला पटली नाही. परांचे कोपरे चिंबोरीही कुरतडते. निवट्या आपसात भांडतात, पाठीवरचा पर ताठ करून एकमेकांवर उड्या घेतात, त्यातही पर फाटतो. मग माझा कापलेला कोणता आणि चिंबोरीने खाल्लेला कोणता? कारखान्यात अशी खूण मी चालवून घेतली नसती. म्हणून सुधारणा केली. मानपाड्याला रंगाच्या कारखान्यात आपला देवराम आहे, त्याच्याकडून लाल रंग आणला. पण निवटीचं अंग बुळबुळीत, रंग धरेना. शेवटी आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल रेशमी दोरा घेतला आणि बारीक सुईने पाठीच्या पराच्या पापुद्र्यातून ओवून गाठ मारली. रक्त येत नाही. चालण्याबुडण्याला अडचण नाही, हे बादलीत ठेवून पाहिलं. दोरा लांबून दिसतो. चुकीला जागाच ठेवलेली नाही.

अशा साठ निवट्या दोरा बांधून सोडल्या. प्रत्येकीची लांबी व्हर्नियरने घेतली. निवटी हातात वळवळत असताना व्हर्नियर लावणं सोपं नाही, मिलिमीटरच्या पुढचा आकडा प्रत्येक वेळी निराळा येतो, तेव्हा सरासरी धरली. शांताबाई बांधावरून ओरडली, "भाऊजी, पोलका शिवताय का तिला?" मी लक्ष दिलं नाही. विज्ञानाला माप लागतं.

आणखी एक. निवटी मासा असून पाण्याबाहेर कशी जगते, याबद्दल वाचनालयातल्या पुस्तकात एवढंच आहे की ती ओल्या कातडीतून श्वास घेते. नुसतं वाचून मी मानत नाही. एकाच आकाराच्या दोन बादल्या घेतल्या, खाडीचं पाणी एकाच वेळचं, निवट्या सारख्या मापाच्या. एकीत बुडाला ओला चिखल ठेवला. दुसरीत काठोकाठ पाणी, आणि पाण्याच्या आत जाळी, म्हणजे वर येऊन हवा घेता येऊ नये. फरक तेवढा एकच. चिखलातल्या मजेत फिरत राहिल्या. जाळीखालच्या तळमळायला लागल्या तसं मी जाळी काढली. मासा पाण्यात गुदमरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. हे तुझ्या सरांना ठाऊक असेलच. तरी सांग.

आठवतं का, तुला पेशी पहिल्यांदा मी दाखवली होती? पत्र्याला भोक पाडून त्यात पाण्याचा थेंब बसवला होता, आणि थेंबातून कांद्याचा पापुद्रा. तू म्हणालीस, "बाबा, कांद्यात विटा रचल्यात." तेव्हा तू दुसरीत होतीस. त्या पत्र्याचं भोक मी कानशीने घासून गोल केलं होतं, कारण भोक वाकडं तर थेंब वाकडा. पत्रा अजून आहे.

दुसऱ्या पकडीनंतर आकडा कळवतो.

भिवाजी


१८ डिसेंबर १९८८

चित्रा,

आकडा आला. चार हजार आठशे!

हिशेब असा. खुणेच्या साठ. दुसऱ्या पकडीत सगळ्या बायकांच्या टोपल्या मिळून ऐंशी निवट्या, त्यात लाल दोऱ्याची फक्त एक. साठ गुणिले ऐंशी भागिले एक. तू दिलेलं सूत्र तसंच वापरलं, त्यात सुधारणेला वाव नव्हता.

ऐंशींत एकच खुणेची, म्हणजे बाकीच्यांचा समुद्र केवढा असेल बघ. मला स्वतःला हजाराच्या आतबाहेर वाटत होत्या. पण आपल्याला काय वाटतं त्याला किंमत नाही, मोजणीला आहे, हे तूच आईच्या पत्रात लिहिलं होतंस.

आकडा गावकीच्या बैठकीत सांगितला. पलीकडून भराव टाकणारे म्हणतात, खाडी मेली, आता नुसता चिखल उरलाय. मी उभा राहून म्हटलं, त्या चिखलात चार हजार आठशे जीव आहेत, आणि हे मी हवेत बोलत नाही. बाबुराव तर म्हणाला, "भिवाजी, पोरीपेक्षा तूच का नाय गेलास गोव्याला?" सगळे हसले. मीही हसलो.

तुझ्या प्रबंधात हा आकडा जाईल तेव्हा खाली 'मोजणी: भिवाजी गोमाजी कोळी, फिटर, बाळकुम' असं पूर्ण छापावं. नुसतं 'वडील' नको. वडील कोणीही असतं.

आई म्हणते, पाकिटावर बापाचं नाव घालायला सांगू का? मी म्हटलं, सांगून घातलेल्या नावाला काय अर्थ? ती म्हणते, हे पन लिवा. लिहिलं.

भिवाजी


१ जानेवारी १९८९

चित्रा,

तार मिळाली असेल. 'आकडा चूक. वापरू नये. पत्र मागाहून.' तार बघून घाबरली असशील तर सांगतो, घरात सगळे धड आहेत. आकडा तेवढा धड नाही.

तुझं पत्र परवा आलं, आईच्याच नावाने. आकडा तू सरांना दाखवलास, ते खूश झाले आणि तो तक्त्यात घालायला म्हणाले. ते वाचून मी इतका फुगलो की आज सुट्टी होती तर बायकांबरोबर स्वतः चिखलात उतरलो. म्हटलं, जिथला आकडा आपण काढला ती जागा जरा पाहून यावी.

बायका निवटी कशी धरतात ते तुला सांगायला नको. बिळाला दोन तोंडं, एकावर पाय दाबायचा, दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचा. शांताबाईने हात बाहेर काढला. मुठीत निवटी, पाठीवर माझा लाल दोरा. मी म्हणणार, वा, सापडली, तोवर तिने ती कपाळाला लावल्यासारखी केली आणि खाली सोडून दिली.

मी म्हटलं, "अगं शांताबाई, सोडलीस का?"

"मग काय खाऊ का तिला? पाप लागंल."

"कसलं पाप?"

"भाऊजी, आता आमच्याशी कनाला लपवता? एकवीरा आईला नवस केलाय ना तुमी? पोरगी घरला येऊ दे म्हनून. आख्ख्या गावाला ठावं हाय. लाल दोरा बांधून जीव सोडतात तो कशासाठी, आमाला कळत नाय का?"

बाकीच्या बायका माझ्याकडे अशा बघत होत्या की मी जणू कोणी फार भला माणूस आहे. एक म्हणाली, "आमी तर हात लागला का सोडतो. एक पन नाय खाल्ली. तुमचा नवस आमी नाय मोडायच्या."

मी म्हटलं, "अगं, तो नवस नाही, ती पद्धत आहे. शास्त्राची पद्धत."

शांताबाई म्हणाली, "असंल. पद्धत तर पद्धत. पोरगी आली म्हंजे झालं."

तुझी आई शेजारीच टोपली धूत होती. मी विचारलं, "शेवंती, तू सांगितलंस यांना नवस म्हणून?"

ती म्हणाली, "मी कायपन नाय सांगितलं. त्यांनी इचारलं. मी गप रायले."

आता हिशेब तुझ्या लक्षात आला असेल. दोऱ्याच्या निवट्या हातात येत होत्या आणि परत जात होत्या. टोपलीत फक्त बिनदोऱ्याच्या. उडीद वेचून तांदूळ मोजायचा प्रकार. चार हजार आठशे हा खाडीतल्या निवट्यांचा आकडा नाही. तो कशाचा आकडा आहे, त्याला माझ्याकडे शब्द नाही. खूण इतकी ठळक केली की चुकीला जागा राहू नये, आणि चूक नेमकी त्या ठळकपणातून शिरली. सहज नजरेत येणार नाही इतकीच खूण करा, असं तू लिहिलं होतंस.

मी विचारलं, मग ती एक दोऱ्याची टोपलीत आली कशी? तर ठमाबाई बांधावर बसल्या बसल्या म्हणाली, "ती माझी. मना मेलीला कुठं दिसतोय दोरा? दोन्ही डोळ्यांत मोती. हाताला लागली, टोपलीत टाकली." मग हळूच म्हणाली, "भिवा, तुझा नवस माझ्यापायी मोडला तर नाय ना रं?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आई म्हणते, कोणाला कळलं नसतं, पोरीचं काम झालं असतं, तार कनाला केली? मला ते जमलं नाही. सरांपुढे तुला आकडा मागे घ्यावा लागेल, त्यात तुला कमीपणा येईल, याचं वाईट वाटतं. माझं नाव खाली छापू नये. गावकीत मी येत्या बैठकीला उभा राहून सांगतो.

भिवाजी


१६ जानेवारी १९८९

चित्रा,

बायकांना बसवून नीट समजावलं. म्हटलं, दोऱ्याची सापडली तर तीही आणा, सगळ्या आणा, मोजून परत सोडू, चित्राच्या कामासाठी हवं आहे. 'चित्राच्या कामासाठी' एवढंच त्यांनी ऐकलं असावं. काल टोपल्या आल्या. चाळीस निवट्या, त्यात बत्तीस दोऱ्याच्या! शांताबाई म्हणाली, "बिनदोऱ्याच्या लय सोडल्या, पन तुमाला पायजेल त्या शोधून शोधून आनल्या." चेहरा असा की आता शाबासकी मिळणार.

सूत्राने हिशेब केला. पंचाहत्तर. पूर्ण पट्टीत पंचाहत्तर निवट्या. एवढ्या तर शांताबाईची सून एका पावसाळ्यात खाते.

सगळ्या परत सोडल्या. शांताबाईला शाबासकी दिली.

बैठकीत उभा राहिलो होतो. चार हजार आठशे चुकीचे आहेत, खरे किती ते अजून कळलेलं नाही, असं सांगितलं. बाबुरावने चहा पाजला, आणि तो कधी पाजत नाही.

तारेला तुझं उत्तर नाही. आईच्याही नावाने नाही. मारुती पोस्टमन आपल्या दारावरून सायकल न थांबवता जातो. तो दिसला की आई मला म्हणते, बघा. मी बघत नाही, मला लांबूनच कळतं. रागावली असशील तर तसं लिही. मी वाचून दाखवेन.

भिवाजी


१२ फेब्रुवारी १९८९

चि. चित्रा,

मारुतीने सायकल थांबवली आणि हाक मारली, "भिवाजी गोमाजी कोळी, फिटर, आहेत का?" मी म्हटलं, रोज बघतोस, विचारतोस काय? तो म्हणाला, पाकिटावर असंच आहे.

नाव बरोबर आहे. पत्ता बरोबर आहे. 'फिटर'सुद्धा घातलं आहेस.

तरी पत्र आईलाच आधी वाचून दाखवलं. म्हणजे एकदा मनात वाचलं, मग तिला. ती म्हणाली, "आता माझं नाव का नाय?" मी म्हटलं, तुझं आतल्या कागदावर आहे. ती म्हणाली, "मग चालंल."

तू लिहितेस की सर आधी खूप हसले आणि मग म्हणाले, हा आकडा मागे घ्यायचा नाही, चुकला कसा ते प्रबंधात सविस्तर लिहायचं, कारण माणसं जीव मोजायला जातात तेव्हा माणसांचा जीव मधे येतोच. मला हे बरं वाटलं. पण सविस्तर लिहिशील तर शांताबाईचं 'पोलका' वगळ.

आणि तू लिहितेस, "बाबा, तुमच्याकडे ठमाबाई आहे. जे हात मोजणीचा माल गोळा करतात त्यांना खूण कळू नये, म्हणून आम्ही इथे मुद्दाम उपाय करतो. ठमाबाईला ते देवाने करून दिलंय." ठमाबाईला सांगितलं. ती हसून हसून खोकायला लागली. म्हणाली, "ठाण्याचा डॉक्टर मोतीबिंदू काढतो म्हनत व्हता. बरं झालं नाय काढला."

मग मोजणी फक्त ठमाबाईच्या हाताने केली. बाकीच्या बायकांना पट्टीत उतरूच दिलं नाही. बोटांना गाठ लागू नये म्हणून तिच्या हातांना जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. ती बिळात हात घालत होती, मी नुसता टोपली घेऊन मागे. तोंडातून शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं, आणि तुझी आई साक्षीला आहे, काढला नाही. पाच-सहा ओहोट्या लागल्या. एकूण बेचाळीस निवट्या, त्यात दोऱ्याच्या चार. साठ गुणिले बेचाळीस भागिले चार. सहाशे तीस.

आकडा लहान आहे. काही दोरे गळाले असतील तर खरा याहून लहान. मोठा असता तर गावकीत सांगायला बरं पडलं असतं. पण सांगितला. म्हटलं, सहाशे तीस आहेत, आणि या खऱ्या आहेत. भराव आणखी पुढे आला तर पुढच्या वर्षी पुन्हा मोजू, मग किती गेल्या तेही सांगता येईल. बाबुराव म्हणाला, "आता कोनाच्या नवसाने मोजल्यास?" मी म्हटलं, ठमाबाईच्या मोत्यांनी.

नाव छापायचंच असेल तर आधी ठमाबाईचं. माझं खाली चालेल.

शेवटी विचारलं आहेस, "बाबा, दोरा लालच का?" आईच्या डब्यात हिरवा होता, पिवळाही होता. लाल लांबून दिसतो म्हणून घेतला. हे कारण मी तेव्हाच कळवलं आहे. शांताबाई आणि इतर बायका काय समजल्या त्याला मी जबाबदार नाही. तसं समजल्यावर मी ते पुन्हा खोडून काढलं नाही, एवढं मात्र खरं. पद्धत आहे असं एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायचं राहिलं.

तू होळीला येते आहेस हे वाचल्यापासून गावात माझी सोय राहिलेली नाही. शांताबाई दारात येऊन म्हणाली, "बघा भाऊजी, पावली का नाय आई?" मी म्हटलं, परीक्षेआधी सुट्टी असते. ती म्हणाली, "असंल." आता सगळ्यांचं म्हणणं पडलं, नवस फेडायचा तर ज्याच्यासाठी बांधला त्यानेच दोरा सोडवायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. माझंही म्हणणं आहे की मोजणी संपली की जिवाच्या अंगावर खूण ठेवू नये. दोन्ही कामं एकाच ओहोटीत होतील. होळीच्या पौर्णिमेला उधाणाची भरती, म्हणजे ओहोटीही खोल जाईल, पट्टी लांबवर उघडी पडेल. पहाटे उतरू. कात्री आणू नकोस, आईच्या डब्यात आहे, मी धार लावून ठेवली आहे.

नारळ आणला आहे. शास्त्राशी त्याचा संबंध नाही.

तुझा,
बाबा